माणसाचे कलम : मानवी क्लोनिंगचे विज्ञान आणि त्याभोवतीचा नैतिक वाद

हापूस आंब्याची कोय परसात पुरली, तिची निगा राखली आणि आठ-दहा वर्षे वाट पाहिली, तर झाड उभे राहते आणि त्याला आंबेही धरतात. परंतु ते आंबे क्वचितच हापूससारखे निघतात, बहुधा त्यांचा आकार, रंग आणि चव निराळीच असते. त्याच हापूसच्या झाडाची वीतभर काडी कापून ती एखाद्या रायवळ रोपाच्या खुंटावर बांधली, तर मात्र त्या कलमाला लागणारे फळ मूळ झाडाच्याच गुणांचे असते. झाड एकच, पण त्याच्या कोयीतून गुण बदलतात आणि काडीतून टिकतात, हे कोकणातल्या बागायतदारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेले कोडे आहे, आणि मानवी क्लोनिंगवर चाललेला वाद समजून घ्यायचा तर सुरुवात याच कोड्यापासून करणे सोयीचे ठरते. काडीतून तेच झाड उभे राहत असेल, तर माणसाच्या त्वचेच्या कणातून तोच माणूस का उभा राहत नाही, हा विज्ञानाचा प्रश्न आहे; आणि तो उभा करता आला तरी करावा का, हा नीतीचा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर नीट कळल्यावाचून दुसऱ्याचे उत्तर देता येत नाही, म्हणून हे दोन्ही प्रश्न क्रमाने पाहिले पाहिजेत.

कोय आणि काडी

कोयीतले बीज परागकण आणि अंडपेशी यांच्या मिलनातून तयार होते, आणि त्या मिलनात आनुवंशिक गुणांची नव्याने वाटणी होते. माणसाचेही तसेच आहे. मानवी पेशीत आनुवंशिक माहिती ४६ गुणसूत्रांत, म्हणजे २३ जोड्यांत साठवलेली असते. गुणसूत्र म्हणजे डीएनए या अतिशय लांब रेणूची गुंडाळी, आणि जनुक म्हणजे त्या रेणूवरचा, शरीराला एखादी ठरावीक सूचना देणारा तुकडा. अंडपेशी किंवा शुक्रपेशी घडताना प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र तिच्या वाट्याला येते आणि ते जोडीतले कोणते असेल हे योगायोगावर ठरते, त्यामुळे केवळ या निवडीतूनच एका व्यक्तीच्या बीजपेशींत सुमारे ८४ लाख वेगवेगळे संच संभवतात. त्यात दुसऱ्या पालकाचे तितकेच संच मिसळले, म्हणजे एकाच आईबापांची दोन मुले एकमेकांसारखी का नसतात, हे ध्यानात येते.

काडीत अशी वाटणी होत नाही. ती मूळ झाडाचाच तुकडा असल्याने तिच्या प्रत्येक पेशीत मूळ झाडाचाच जनुकसंच असतो, आणि तीच गोष्ट उसाच्या बेण्याला, केळीच्या मुनव्याला आणि द्राक्षाच्या काडीला लागू पडते. अशा, एकाच पूर्वजापासून मिलनावाचून निपजलेल्या आणि म्हणून समान जनुके असलेल्या जीवाला ‘क्लोन’ म्हणतात. हा शब्दही बागेतूनच आला आहे. डहाळी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ हर्बर्ट वेबर यांनी १९०३ मध्ये तो रूढ केला, आणि पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात भारतात स्थायिक झालेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९६३ मधील एका व्याख्यानात तो माणसाच्या संदर्भात वापरला.

निसर्ग माणसातही क्लोन घडवतो, ही गोष्ट वादाच्या भरात अनेकदा विसरली जाते. एका फलित अंडपेशीपासून वाढू लागलेला भ्रूण सुरुवातीच्या दिवसांत दुभंगला, तर त्यातून एकबीज जुळी जन्मतात, आणि त्यांचे जनुकसंच जवळजवळ सारखे असतात. जनुके सारखी असणे एवढ्यानेच कोणाच्या माणूसपणाला बाध येत नाही, हे प्रत्येक गावातल्या जुळ्या भावंडांवरून सिद्ध झालेले आहे.

प्रत्येक पेशीत अख्खे पुस्तक

माणसाचे शरीर एकाच पेशीपासून सुरू होते आणि तिच्या विभाजनातून त्वचा, स्नायू, यकृत, मज्जा अशा शेकडो प्रकारच्या पेशी तयार होतात. प्रश्न असा होता की, यकृताची पेशी घडताना तिच्यातून इतर अवयवांच्या सूचना कायमच्या पुसल्या जातात, की त्या तशाच राहून फक्त मिटून ठेवल्या जातात? घरातल्या पाककृतींच्या जाड पुस्तकाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. एखाद्याला आयुष्यभर भाकरीच करायची असेल, तर तो बाकीची पाने फाडून टाकू शकेल किंवा ती चिकटपट्टीने बंद करून ठेवील. दोन्ही पुस्तकांतून भाकरीच होईल, परंतु पहिले पुस्तक पुन्हा पूर्ण होणार नाही, दुसरे मात्र चिकटपट्ट्या काढल्या की पहिल्या पानापासून वाचता येईल.

याचा उलगडा बेडकांवरील प्रयोगांनी केला. १९५२ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट ब्रिग्ज आणि थॉमस किंग यांनी कोवळ्या भ्रूणातील पेशीचे केंद्रक, म्हणजे गुणसूत्रे ज्यात असतात तो पेशीचा गाभा, केंद्रक काढून टाकलेल्या अंडपेशीत घालून त्यातून बेडूकमासे वाढवले. त्यानंतर ऑक्सफर्ड येथे जॉन गर्डन यांनी बेडूकमाशाच्या आतड्यातील, म्हणजे आपले काम ठरून गेलेल्या पेशींची केंद्रके वापरली, आणि १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामातून असे दिसले की, अशा केंद्रकातही संपूर्ण जीव घडवण्याच्या सूचना शाबूत असतात. पाने फाडलेली नव्हती, ती बंद केलेली होती. या शोधासाठी गर्डन यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

डॉली कशी घडली

बेडकाची अंडपेशी मोठी असते आणि ती शरीराबाहेर वाढते. सस्तन प्राण्याची अंडपेशी सूक्ष्म असते आणि तिला गर्भाशय लागते, त्यामुळे सस्तन प्राण्यांत हे साधणार नाही असे अनेक शास्त्रज्ञांचे मत होते. स्कॉटलंडमधील एडिंबरोजवळच्या रोझलिन संस्थेत इयान विल्मट, कीथ कॅम्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मत खोटे ठरवले. त्यांच्या पद्धतीला ‘कायिक पेशी केंद्रक स्थानांतरण’ असे लांबलचक नाव आहे. कायिक पेशी म्हणजे बीजपेशी वगळता शरीरातील कोणतीही पेशी. ही पद्धत कलम बांधण्याच्या कृतीशी ताडून पाहिली, तर तिच्यातील पायऱ्या सहज उमगतात.

बागेत खुंट आणि काडी असे दोन घटक असतात. खुंट मुळे आणि आधार पुरवतो, काडी गुण पुरवते. रोझलिनच्या प्रयोगात खुंटाची जागा एका काळ्या तोंडाच्या मेंढीच्या अंडपेशीने घेतली, जिच्यातील केंद्रक अतिसूक्ष्म नळीने शोषून काढले होते. काडीची जागा सहा वर्षांच्या, फिन डॉर्सेट नावाच्या पांढऱ्या जातीच्या मेंढीच्या कासेतील पेशीने घेतली. ही पेशी आधी काही दिवस पोषणद्रव्यांवाचून ठेवण्यात आली, ज्यामुळे तिचे विभाजन थांबून ती एक प्रकारच्या सुप्तावस्थेत गेली आणि तिचे केंद्रक अंडपेशीच्या सूचना स्वीकारण्यास अनुकूल झाले. मग विजेच्या सौम्य धक्क्याने दोन्ही पेशी एकजीव केल्या, त्याच धक्क्याने अंडपेशीला फलन झाल्याचा संकेत मिळाला आणि ती विभागू लागली. अशा रीतीने वाढलेला भ्रूण तिसऱ्या, काळ्याच तोंडाच्या मेंढीच्या गर्भाशयात ठेवण्यात आला, आणि ५ जुलै १९९६ रोजी डॉली जन्मली. काळ्या तोंडाच्या मेंढीने पांढऱ्या तोंडाचे कोकरू दिले, हाच कलम लागल्याचा पहिला दृश्य पुरावा होता. फेब्रुवारी १९९७ मध्ये ही बातमी जाहीर झाली आणि जगभर एकच प्रश्न विचारला गेला, की आता पाळी माणसाची का?

यशामागचे अपयश

त्या प्रश्नाच्या गदारोळात एक आकडा मागे पडला. रोझलिनच्या गटाने कासेच्या पेशींपासून २७७ अंडपेशी अशा रीतीने जोडल्या होत्या. त्यांतून रोपणाजोगे २९ भ्रूण तयार झाले, ते १३ मेंढ्यांत ठेवले गेले आणि जिवंत जन्मले ते एकच कोकरू. २०१८ मध्ये शांघाय येथील चिनी संशोधकांनी जाहीर केलेल्या झोंग झोंग आणि हुआ हुआ या दोन माकडिणींची कथा वेगळी नाही. गर्भातील पेशींपासून घडवलेले ७९ भ्रूण २१ माद्यांत ठेवल्यावर त्या दोघी जगल्या, आणि प्रौढ माकडाच्या पेशींपासून घडवलेले १८१ भ्रूण ४२ माद्यांत ठेवूनही जन्मलेली दोन पिल्ले लवकरच दगावली. भारतातही कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध अनुसंधान संस्थेत फेब्रुवारी २००९ मध्ये जन्मलेले म्हशीचे पहिले क्लोन पारडू काही दिवसांतच मरण पावले, त्यानंतर त्याच वर्षी ‘गरिमा’ जगली, आणि २०२३ मध्ये त्याच संस्थेने गीर जातीची ‘गंगा’ नावाची क्लोन कालवड जाहीर केली.

इतके अपयश का येते, याचे उत्तर पुन्हा त्या पाककृतींच्या पुस्तकात आहे. प्रौढ पेशीत बंद केलेली पाने म्हणजे डीएनएवर बसलेल्या रासायनिक खुणा होत. कोणते जनुक चालू राहील आणि कोणते मिटलेले राहील हे त्या ठरवतात, आणि त्यांच्या अभ्यासाला अधिजनुकशास्त्र म्हणतात. नैसर्गिक फलनात या खुणा पुसून नव्याने बसवण्याचे काम ठरलेल्या क्रमाने पार पडते, परंतु क्लोनिंगमध्ये अंडपेशीला ते काम काही तासांत, अनोळखी केंद्रकावर करावे लागते. काही चिकटपट्ट्या निघत नाहीत, काही भलत्याच ठिकाणी निघतात, आणि मग वार नीट वाढत नाही, गर्भ प्रमाणाबाहेर मोठा होतो, हृदय किंवा फुप्फुसे सदोष राहतात. शिवाय हे दोष नेहमी गर्भातच दिसतात असेही नाही, काही जन्मानंतर उघडकीला येतात.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. डॉली फुप्फुसाच्या आजारामुळे २००३ मध्ये, साडेसहा वर्षांची असताना गेली आणि क्लोन अकाली म्हातारे होतात असा समज पसरला. परंतु तो आजार मेंढ्यांत आढळणाऱ्या एका विषाणूमुळे झाला होता, आणि डॉलीच्याच पेशीसमूहापासून पुढे घडवलेल्या चार मेंढ्या निरोगीपणे वार्धक्याला पोहोचल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. म्हणजे क्लोन जगला, तर तो सुदृढ जगू शकतो. आज धोका आहे तो जगण्यापर्यंतच्या वाटेत.

एका पद्धतीच्या दोन वाटा

केंद्रक बदललेली अंडपेशी विभागू लागल्यावर पाच-सहा दिवसांनी तिचा सुमारे शंभर पेशींचा गोळा होतो, आणि येथे वाट दुभंगते. तो गोळा गर्भाशयात ठेवून मूल जन्माला घालायचे, तर ते ‘पुनरुत्पादक क्लोनिंग’. तो प्रयोगशाळेतच ठेवून त्याच्या आतील मूलपेशी, म्हणजे शरीरातील कोणत्याही प्रकारच्या पेशीत रूपांतरित होऊ शकणाऱ्या पेशी, उपचारासाठी काढून घ्यायच्या, तर ते ‘उपचारात्मक क्लोनिंग’. दुसऱ्या वाटेचे आकर्षण असे की, रुग्णाच्याच जनुकांच्या पेशी मिळाल्या, तर त्यांपासून घडवलेल्या ऊती त्याचे शरीर परके म्हणून नाकारण्याची शक्यता कमी होते.

या दुसऱ्या वाटेवर विज्ञानाच्या इतिहासातील एक मोठा घोटाळा घडला. दक्षिण कोरियातील हुआंग वू-सुक यांनी २००४ आणि २००५ मध्ये क्लोन केलेल्या मानवी भ्रूणापासून मूलपेशी मिळवल्याचे जाहीर केले. पुढे ती माहिती बनावट असल्याचे सिद्ध झाले आणि जानेवारी २००६ मध्ये दोन्ही शोधनिबंध मागे घेण्यात आले. त्या चौकशीत उघड झालेली दुसरी गोष्ट नीतीच्या दृष्टीने अधिक गंभीर होती, ती अशी की, या कामासाठी दोन हजारांहून अधिक मानवी अंडपेशी वापरल्या गेल्या, त्यांतल्या काही पैसे देऊन घेतल्या होत्या आणि काही त्याच प्रयोगशाळेतील कनिष्ठ महिला संशोधकांच्या होत्या. खऱ्या अर्थाने हे यश २०१३ मध्ये अमेरिकेतील ओरेगन येथे शूखरात मितालिपोव्ह यांच्या गटाला मिळाले.

तोवर एक तिसरी वाट निघाली होती. जपानमधील शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतील पेशींत केवळ चार जनुके घालून त्यांना मूलपेशींसारख्या अवस्थेत परत नेले, आणि त्यासाठी अंडपेशीही लागली नाही, भ्रूणही लागला नाही. गर्डन यांच्याबरोबर २०१२ च्या नोबेलचे मानकरी तेच होते. त्यांच्या शोधाने उपचारात्मक क्लोनिंगची निकड बरीच कमी केली आणि नैतिक वादाचा भार पुनरुत्पादक क्लोनिंगवर आला.

क्लोन म्हणजे तोच माणूस नव्हे

पुराणातल्या रक्तबीजाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्यातून त्याच्यासारखाच, त्याच्याच वयाचा आणि बळाचा दैत्य उभा राही, आणि क्लोनविषयीची लोकांच्या मनातील कल्पना बऱ्याच अंशी अशीच असते. वास्तवात क्लोन हे तान्हे बाळ असेल. ते आईच्या पोटात नऊ महिने वाढेल, रांगेल, बोलायला शिकेल आणि ज्याच्या पेशीपासून ते घडले त्याच्याहून एका पिढीने लहान असेल.

जनुकांच्या बाबतीतही ते हुबेहूब नसेल. कलमाच्या फळावर जसा खुंटाचा थोडा परिणाम होतो, तसा अंडपेशीचाही होतो, कारण पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका अंडपेशीतूनच येतात आणि त्यांची स्वतःची ३७ जनुके असतात. शिवाय जनुके सारखी असूनही ती कोठे चालू आणि कोठे बंद राहतील हे थोडेफार योगायोगावर असते; अमेरिकेतील टेक्सासमध्ये डिसेंबर २००१ मध्ये जन्मलेली सीसी ही पहिली क्लोन मांजर याचे उत्तम उदाहरण आहे. तिची जनुकदाती तिरंगी होती, सीसी मात्र पांढरी आणि पट्ट्यापट्ट्यांची निघाली. जिथे अंगावरचा रंगही सारखा येत नाही, तिथे भाषा, शाळा, मैत्री, दुःखे आणि काळ यांनी घडणारा स्वभाव सारखा येईल अशी अपेक्षा बाळगण्यात अर्थ नाही.

याचा एक परिणाम असा की, क्लोनिंगच्या बाजूचा एक युक्तिवाद आणि विरोधातला एक युक्तिवाद, दोन्ही एकाच वेळी ढासळतात. गेलेले मूल क्लोनिंगने परत मिळेल ही आशा खोटी ठरते, आणि हुकूमशहा एकाच साच्याच्या सैनिकांची फौज उभारील ही भीतीही खोटी ठरते.

बाजूने काय म्हटले जाते

तरीही बाजूचे काही युक्तिवाद गांभीर्याने घेण्याजोगे आहेत. पहिला प्रजननस्वातंत्र्याचा आहे. ज्या दांपत्यात अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयारच होत नाहीत, त्यांना स्वतःच्या जनुकांचे मूल हवे असेल, तर अन्य मार्ग नसताना राज्याने ही वाट का अडवावी, असा प्रश्न अमेरिकेतील जॉन रॉबर्टसन यांच्यासारख्या कायदेपंडितांनी विचारला. दुसरा युक्तिवाद रोगाचा आहे, कारण दोन्ही पालकांत एखाद्या गंभीर आनुवंशिक आजाराचे दडलेले जनुक असल्यास एकाच पालकाच्या जनुकांपासून झालेले मूल त्या आजारापासून सुटेल. तिसरा युक्तिवाद इतिहासाचा आहे. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले तेव्हाही ते निसर्गविरोधी ठरवले गेले होते, आणि आज ते तंत्र जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले आहे.

चौथा युक्तिवाद तत्त्वज्ञानातला आणि सर्वांत कठीण आहे. क्लोन मुलाला अपाय होईल म्हणून क्लोनिंग नको, असे म्हटले, तर त्यावर असे उत्तर दिले जाते की, ते विशिष्ट मूल दुसऱ्या कोणत्याही रीतीने जन्मालाच आले नसते, म्हणून सदोष का होईना, मिळालेले आयुष्य त्याच्या दृष्टीने लाभच आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी १९८४ मध्ये सविस्तर मांडलेल्या या पेचाला ‘अनन्यतेचा पेच’ असे म्हणता येईल.

विरोधात काय म्हटले जाते

विरोधाचे सर्व युक्तिवाद सारख्या ताकदीचे नाहीत. ‘हे अनैसर्गिक आहे’ एवढेच म्हणणे पुरत नाही, कारण चष्मा आणि शस्त्रक्रियाही निसर्गात सापडत नाहीत. अमेरिकी विचारवंत लिऑन कास यांनी १९९७ मध्ये असे मांडले की, क्लोनिंगविषयी मनात उठणारी किळस हेच एक शहाणपण आहे, ते शब्दांत नेहमी मांडता आले नाही तरी. या म्हणण्याची अडचण अशी की, स्वतःच्या समाजाने पूर्वी कोणाकोणाची किळस केली हे महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहे. अस्पृश्यतेला किळसेचाच आधार होता. म्हणून किळस हा विचार करण्याचा इशारा ठरू शकतो, निवाडा ठरू शकत नाही.

अधिक वजनदार आहे तो मोकळ्या भविष्याचा युक्तिवाद. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत आहे, मूल ‘अगदी बापावर गेले’ असे कौतुकाने म्हटले जाते, आणि त्यातून अपेक्षांचे थोडे ओझे त्याच्या खांद्यावर येतेही. परंतु तिथे ८४ लाखांतून निघालेला एक नवा संच त्या अपेक्षांना उत्तर द्यायला मोकळा असतो. क्लोन मुलासमोर मात्र त्याच्याच जनुकांचे, आधीच जगून झालेले एक आयुष्य उभे असेल, आणि पालक, शिक्षक, वैद्य आणि अखेर ते मूल स्वतःही त्या आयुष्याकडे पाहून स्वतःला मोजू लागेल. जर्मन तत्त्वज्ञ हान्स योनास यांनी याला उद्देशून स्वतःविषयी अज्ञात राहण्याच्या हक्काची कल्पना मांडली होती. एकबीज जुळ्यांना हा भार नसतो, कारण ती एकाच वेळी, एकमेकांपुढे कोणताही निकाल नसताना वाढतात. शिवाय जनुके म्हणजे सर्वस्व नव्हे हे खरे असले, तरी ती सर्वस्व आहेत असा लोकांचा समज असतो, आणि ओझे लादायला समज पुरेसा असतो.

नात्यांचाही प्रश्न आहे. वडिलांच्या पेशीपासून झालेला मुलगा जनुकांच्या हिशेबाने त्यांचा उशिरा जन्मलेला जुळा भाऊ असेल, आणि त्याचे आजी-आजोबा हेच त्याचे जनुकीय आईबाप ठरतील. हे गोंधळ कायद्याने सोडवता येतील, दत्तकविधानात समाजाने तसे केलेही आहे. परंतु ज्याला ते जगायचे, त्याला त्याबद्दल विचारलेले नसते.

वादात सर्वांत कमी आठवण होते ती अंडपेशी देणाऱ्या स्त्रीची. मेंढीच्या एका कोकरासाठी २७७ अंडपेशी लागल्या. माणसात त्या मिळवायच्या तर स्त्रीला संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात, भूल घेऊन सुईने अंडाशयातून अंडपेशी काढाव्या लागतात, आणि कधीकधी अंडाशये सुजून पोटात पाणी साठण्याइतका गंभीर त्रास होतो. त्यानंतर गर्भपातांची मालिका सोसायची तीही स्त्रियांनीच. हा भार कोणत्या स्त्रियांवर पडेल, हे गरिबी कोठे आहे हे पाहिले की कळते.

आणि शेवटी सुरक्षिततेचा युक्तिवाद. क्लोनिंग सुरक्षित झाल्यावर करू, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ते माणसात सुरक्षित आहे हे सिद्ध करायचे, तर पहिली काही मुले प्रयोग म्हणूनच जन्माला घालावी लागतील, आणि त्यांची संमती घेणे कोणालाही शक्य नाही. प्रत्येक व्यक्तीला केवळ साधन म्हणून वापरू नये, तिला स्वतःच साध्य मानावे, हे इमॅन्युएल कांट यांचे तत्त्व येथे थेट लागू पडते. पारफिट यांच्या पेचालाही उत्तर इथेच मिळते, कारण जबाबदारी अमुक एका मुलाला झालेल्या अपायापुरती नसते. टाळता येण्याजोग्या यातनांची ज्यात मोठी शक्यता आहे अशा रीतीने कोणालाही जन्म न देण्याचे बंधन जन्म देणाऱ्यावर असते.

जगाने काय ठरवले

युनेस्कोने नोव्हेंबर १९९७ मध्ये मानवी जनुकसंचाविषयीच्या जागतिक जाहीरनाम्यात माणसाचे पुनरुत्पादक क्लोनिंग मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध असल्याने त्याला परवानगी देऊ नये असे म्हटले. युरोपीय परिषदेने १९९८ मध्ये त्याला मनाई करणारा करार सह्यांसाठी खुला केला, आणि ब्रिटनने २००१ मध्ये स्वतंत्र कायदा केला. अमेरिकेत मात्र काही राज्यांनी बंदी घातली असली, तरी देशभर लागू होणारी थेट बंदी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ८ मार्च २००५ रोजी मानवी क्लोनिंगविरुद्ध घोषणापत्र मंजूर केले, परंतु ते बंधनकारक नव्हते आणि मतदान ८४ विरुद्ध ३४ असे झाले, ३७ देश तटस्थ राहिले. विरोधात मत देणाऱ्यांत भारत होता. पुनरुत्पादक क्लोनिंगला भारताचा विरोधच होता, परंतु घोषणापत्राच्या शब्दांत उपचारात्मक संशोधनही सापडत होते, ते त्याला मान्य नव्हते. देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मूलपेशी संशोधनविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी पुनरुत्पादक क्लोनिंग निषिद्ध ठरवले आहे.

डिसेंबर २००२ मध्ये रायलवादी पंथाशी संबंधित एका कंपनीने क्लोन मुलगी जन्मल्याचा दावा केला होता, पण त्याचा कोणताही पुरावा कधी पुढे आला नाही. आजपर्यंत एकाही मानवी क्लोनचा जन्म सिद्ध झालेला नाही.

थोडक्यात

- क्लोन म्हणजे मिलनावाचून, एकाच पूर्वजाच्या जनुकांपासून घडलेला जीव. एकबीज जुळी हे निसर्गातले क्लोन होत.
- केंद्रक काढलेल्या अंडपेशीत प्रौढ पेशीचे केंद्रक बसवून डॉली १९९६ मध्ये घडवण्यात आली. २७७ प्रयत्नांतून ती एकटी जन्मली.
- पुनरुत्पादक क्लोनिंगचा हेतू मूल, उपचारात्मक क्लोनिंगचा हेतू मूलपेशी. दुसऱ्याची गरज यामानाका यांच्या शोधाने बरीच कमी झाली.
- क्लोन हा वयाने, अनुभवाने आणि काही अंशी जनुकांनीही वेगळा असतो.
- विरोधाची भक्कम कारणे तीन : संमतीवाचून मुलांवर होणारा प्रयोग, अंडपेशी देणाऱ्या स्त्रियांवरचा भार आणि मुलाच्या मोकळ्या भविष्यावरची अपेक्षांची छाया.

निवाडा

या तीन कारणांपैकी पहिले, म्हणजे सुरक्षिततेचे कारण कायमचे नाही. चीनमधील संशोधकांनी २०२४ मध्ये जाहीर केलेले एक क्लोन ऱ्हीसस माकड दोन वर्षांहून अधिक काळ सुदृढ जगले, आणि तंत्र असेच सुधारत जाईल. म्हणून आजच्या धोक्याकडे बोट दाखवून थांबणाऱ्या समाजापाशी उद्या उत्तर उरणार नाही. मोकळ्या भविष्याचा आणि स्त्रियांच्या देहावरील भाराचा विचार तंत्र पिकण्याआधीच करून, तो केवळ मार्गदर्शक तत्त्वांत न ठेवता संसदेत चर्चा करून कायद्यात उतरवणे हे भारतासारख्या देशाचे काम आहे. त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट स्पष्ट असली पाहिजे, की बंदी कृतीवर असेल, व्यक्तीवर नाही. कोणी कोठे ती मोडली आणि क्लोन मूल जन्मले, तर त्याचे नाव, नाते, वारसा आणि मान इतर कोणत्याही मुलाइतकाच पूर्ण असेल.

बागायतदार शंभर कलमे बांधतो, त्यांतली जी लागत नाहीत ती उपटून टाकतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही, कारण झाड त्याने फळासाठीच लावलेले असते. मूल कोणत्याही फळासाठी लावलेले नसते आणि न लागलेले मूल उपटून टाकता येत नाही. एवढा एक फरक जोवर खरा आहे, तोवर माणसाचे कलम बांधू नये.